रस्ता तपासणाऱ्या शमीम सिस्टर

शमीम सिस्टरांना मोबाईलवरचा रस्ता दाखवायचा म्हणजे तोंडी परीक्षेला बसण्यासारखं असे. मी भूगोलाचा शिक्षक. वाशीमच्या शाळेत पंचवीस वर्षांहून जास्त काळ मुलांना नकाशे शिकवतोय. तरी त्यांच्यापुढे फोन धरताना माझी नजर आपोआप खाली जायची. त्या कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत, दोन बोटांनी पडदा मोठा करत, आणि पहिला प्रश्न ठरलेला असे.

"ह्या रस्त्यानं कोन गेलं होतं, सर?"

"अ‍ॅप दाखवतंय ना, सिस्टर."

"अ‍ॅपले पाय हायेत काय?"

सिस्टर म्हणजे आरोग्य खात्यातल्या निवृत्त परिचारिका. तीसेक वर्षं जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या उपकेंद्रांवर नोकरी झाली. पहिल्या उपकेंद्राच्या हद्दीत दोन गावं अशी होती की तिथं एसटी जात नव्हती आणि पायी जावं तर डब्यातला बर्फ वितळून लस खराब व्हायची. म्हणून बाविसाव्या वर्षी त्या भाड्याची सायकल घेऊन शाळेमागच्या मैदानात सायकल शिकल्या. नर्सबाई पडतात कशा, हे पाहायला निम्मं गाव जमत असे. "पडली त पडली," त्या सांगायच्या, "लोकाइले वाटलं ही बाई आपल्यासारखीच हाये. मंग लसीले नाही म्हननाऱ्या बायाही येऊन बसल्या." पुढं स्कूटी आली, खात्याची जीपही कधीमधी मिळू लागली, पण सिस्टरांची काळी लेडीज सायकल सुटली नाही. पांढरा सलवार-कुर्ता, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली, मागच्या कॅरियरला रबरी पट्ट्यानं बांधलेली पिशवी. त्यांचे यजमान हमीदभाई टेलर होते. त्यांनी हँडलवर बसेल अशी पारदर्शक खिडकीची कापडी खोळ शिवून दिली होती. पूर्वी तिच्यात गावांची यादी असायची. हमीदभाई गेल्यानंतर तिच्यात मोबाईल आला.

आमचा रविवारचा सायकल ग्रुप तेव्हा नवा होता. दोन डॉक्टर, एक वकील, मी, औषधाच्या दुकानाचे मालक, असे आठ-दहा जण. सगळ्यांच्या सायकली चकचकीत, हेल्मेट नवी, आणि पोटं जुनी. एका रविवारी पहाटे शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर आम्ही जमलो होतो आणि वाद चालला होता की रस्ते ठरवायला अ‍ॅप कोणतं घ्यायचं. डॉक्टरसाहेबांचा आग्रह, शर्यतवाले वापरतात तेच घ्यायचं. वकील म्हणत होते, फोनमध्ये आधीपासून जे असतं ते काय वाईट आहे? तेवढ्यात काळ्या सायकलवरून एक बाई आल्या, उतरल्या, स्टँड लावलं आणि म्हणाल्या, "मी शमीम. तुमच्या ग्रुपात यायचं हाये. भांडन कायचं चालू हाये?"

आम्ही सांगितलं.

"मंग भांडता कायले? रिठदले जायचा रस्ता विचारा ना त्याइले."

"आपल्याला आज रिठदला जायचं नाही, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बाईंना ओळखलं होतं. जिल्ह्यातल्या कुठल्याही डॉक्टरनं ओळखलंच असतं.

"जायचं नाही म्हनूनच. रिठदचा रस्ता आपल्याले माहीत हाये. माहीत हाये तेच विचारावं पयले. नवं थर्मामीटर आनलं की मी आधी सोताच्या काखेत लावून पाहो. मले ताप नसला आन् त्यानं एकशे दोन दाखवला, त समजा थर्मामीटरले ताप हाये."

आम्ही हसलो, पण तीन फोनांवर तीन अ‍ॅप उघडून रिठद विचारलं. एकानं हमरस्ता दाखवला. दुसऱ्यानं कुणीतरी आधी मारलेली वेगाची फेरी दाखवली. तिसऱ्यानं पाणंदी, नाले, हातपंप असं बरंच काही दाखवलं आणि शेवटचे दोन किलोमीटर भलत्याच वस्तीत नेऊन सोडलं. सिस्टरांनी पिशवीतून एक जुनं, कडा झिजलेलं रजिस्टर काढलं. पुढची पानं लसीकरणाची होती. मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी तारीख टाकली आणि लिहिलं: रिठद, तिघंही फेरतपासणी.

त्या दिवसापासून ग्रुपचे रस्ते त्यांच्याकडे गेले. ठराव वगैरे झाला नाही. आपोआप झालं.

अ‍ॅपांची इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात कधी आली नाहीत. सगळ्यांच्या फोनमध्ये असतं त्याला त्या 'जावई' म्हणत. "हमरस्त्यानं येते, डांबरानंच जाते, चिखलात पाय टाकत नाही. पन फोटो लय चांगले हायेत त्याच्याजवळ." आकाशातून काढलेल्या छायाचित्रांबद्दल त्या बोलत होत्या. शर्यतवाल्यांचं अ‍ॅप म्हणजे 'पैलवान'. "किती जोरात गेला, किती लांब गेला, एवढंच विचारते. वाटेत पानी प्याला का, कोनी विचारत नाही." आणि लोकांनी मिळून बनवलेला, कुणालाही दुरुस्त करता येणारा तो नकाशा म्हणजे 'चावडी'. "सगळे बोलतात. कोनी खरं बोलते, कोनी आयकलेलं बोलते. पन चुकलं त आपल्याले उठून बोलता येते." तिघांतलं चांगलं कोणतं, असं विचारलं की त्या चिडत. "एका गोळीनं सगळे रोग बरे झाले असते त मले एवढा डबा घेऊन फिरा कायले लागलं असतं?"

एक गोष्ट मात्र त्या तिघांनाही विचारत. नेट गेल्यावर काय करशील? वाशीमपासून आठ-दहा किलोमीटर आत गेलं की मोबाईलच्या काड्या एकेक करून उतरतात. जे अ‍ॅप तिथं पांढरा पडदा दाखवायचं, त्याच्या नावापुढं रजिस्टरात बर्फाच्या चौकोनाचं छोटं चित्र यायचं, वर फुली मारलेलं. बर्फ नसलेला डबा. कुणाला अर्थ सांगावा लागला नाही.

अशा माणसाबद्दल लिहिताना भीती वाटते ती एवढीच, की त्या कधी चुकतच नव्हत्या असं वाटून जाईल. चुकत होत्या. आणि त्यांचं चुकणं मला त्यांच्या बरोबर असण्याइतकंच लख्ख आठवतं.

हिवाळ्यातली गोष्ट. रिसोडच्या बाजूला एका गावी हुरड्याचं आमंत्रण होतं. चावडीनं जवळचा रस्ता दाखवला, मधे नाल्यावर पूल. सिस्टर म्हणाल्या, तिथं पूल नाही.

"नकाशावर आहे, सिस्टर," मी म्हटलं.

"सर, त्या नाल्यातून मी डबा डोक्यावर घेऊन गेली हाये. कमरेइतक्या पान्यातून. पूल असता त मी कायले भिजली असती?"

आम्ही लांबच्या रस्त्यानं गेलो. अकरा किलोमीटर जास्तीचे. समोरून वारा. औषधवाल्यांच्या पायात गोळे आले, वकील दोनदा खाली बसले. हुरडा संपत आल्यावर पोचलो. यजमान शेतकऱ्यानं सहज विचारलं, "इकडून कायले आले बाप्पा? पूल होऊन त चार-पाच वर्षं झाले."

सिस्टरांनी हातातला हुरडा तसाच खाली ठेवला. परतताना त्या म्हणाल्या, "तुमी व्हा समोर, मी येते," आणि आमच्याबरोबर न येता एकट्या नाल्याच्या बाजूला वळल्या. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. नव्या पुलाच्या कठड्याला टेकवलेली काळी सायकल. खाली लिहिलं होतं: पूल आहे. मी चुकली. माझ्यामुळे तुमचे सगळ्यांचे पाय दुखले, माफी असावी.

पुढच्या रविवारी गूळ-शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. वाटताना म्हणाल्या, "माह्या डोक्यातला नकाशा लय जुना झाला होता. त्यालेही तपासाले पाह्यजे होतं, ते राहून गेलं." त्या दिवसापासून रजिस्टरात तीन रकाने होते ते चार झाले. चौथ्याच्या माथ्यावर लिहिलं होतं: शमीम.

एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर स्वतःचंच नाव असं तपासायच्या यादीत किती जणांना लिहिता आलं असेल, मला माहीत नाही. मला तरी आलेलं नाही.

आता ज्या गोष्टीमुळं मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो ती सांगतो.

सिस्टरांची मोठी बहीण, त्यांच्या आपा, अनसिंगला असतात. जूनच्या शेवटी शाळा नुकत्या उघडल्या होत्या, तेव्हा त्या आपांकडे गेल्या होत्या. एक दिवस सकाळी सायकल काढून जवळच्या सोनवाडीला गेल्या. तिथल्या बायकांची पहिली बाळंतपणं त्यांच्या देखरेखीत झालेली. ऐन शाळेच्या वेळेला त्यांना शेतात निंदणाऱ्या बायकांच्या रांगेत तीन-चार मुली दिसल्या. एकीच्या हाताला प्लास्टर होतं, ती बांधावर नुसतीच बसली होती. तिचं नाव प्रतीक्षा. आईचं नाव सुनंदा.

"शाळा सुटली काय वं तुमची?" सिस्टरांनी विचारलं.

"बंद केली, सिस्टर," सुनंदानं सांगितलं. "सायकलीनं जात होती. हायवेवर ट्रकनं कट मारला. हात मोडला. जीव गेला असता त कोनाले विचारलं असतं? आता एकाही घरची पोरगी जात नाही."

एकूण नऊ मुली. आठवी ते दहावी. गावात सातवीपर्यंत शाळा, पुढची अनसिंगला, सहा किलोमीटर, सगळा हमरस्ता. एसटी सकाळी एक, तीही शाळेच्या वेळेला जुळत नाही. शाळेतून मिळालेल्या मुलींच्या सायकली गोठ्यांत उभ्या करून ठेवल्या होत्या. दोन घरांत तर स्थळाची बोलणी निघाली होती. हे सांगताना सुनंदाचा आवाज खाली गेला, असं सिस्टर मला म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सर, रविवारी ग्रुपाले सुट्टी द्या. तुमी अनसिंगले या. सायकल घेऊन या आन् जुने कपडे घाला."

मी गेलो. आपांच्या ओसरीत तीन फोन मांडून सिस्टर बसल्या होत्या. एक त्यांचा, एक आपांचा, एक शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. जावयाला विचारलं. त्यानं हमरस्ता दाखवला, बाण अगदी ठाम. पैलवानाला विचारलं. जिथं सायकलवाले फार फिरतात तिथं तो ठळक रेघा दाखवतो. सोनवाडीच्या भोवती एक रेघ नव्हती. "इकडं कोनी पैलवान फिरकला नाही," सिस्टर म्हणाल्या. चावडीवर मात्र गावातून निघून शेतांमधून अनसिंगच्या शाळेच्या मागं येणारी एक तुटक रेघ होती. पाणंद. अंतर साडेचार किलोमीटर.

"जमलं की मग," मी म्हटलं.

"काढनाऱ्यानं कधी काढली, काय माहीत. चला."

त्या पाणंदीवर आम्ही दोघांनी काय सोसलं ते काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल घातलेल्यालाच कळेल. चाकाला माती चिकटते, मातीला माती चिकटते, मडगार्डात लोंदा अडकतो आणि सायकल जागच्या जागी थांबते. काडीनं माती उकरायची, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायची. निम्म्यावर तर रेघच संपली. समोर वीतभर वाढलेलं हिरवंगार सोयाबीन. नकाशातली पाणंद नांगरून कुणीतरी वावरात घेतली होती.

ते कुणीतरी धुऱ्यावरच, शेताच्या बांधावरच, उभे होते. गजाननभाऊ. धोतर, खांद्यावर फावडं. सिस्टरांना ओळखून त्यांनी रामराम घातला, पण रस्त्याचं नाव निघताच चेहरा बदलला.

"बाई, तुमच्या मोबाईलवर लाईन आली म्हनून माह्यं वावर रस्ता होते काय?"

"मोबाईलवर म्हनून नाही, भाऊ. तलाठ्याच्या गावनकाशातही असंन."

"असंन. मंग तलाठ्याले आना. मोजनी करा. कोर्टात जा. तीन-चार वर्षं लागतीन."

मला वाटलं आता खटका उडणार. मी पुढं होऊन काही बोलणार, तोच सिस्टरांनी हातानं थांबवलं. "तुमचं पीक उभं हाये, मले तुडवाचं नाही," त्या म्हणाल्या. "पोरीची शाळा चालू होऊन गेली हाये, मले तीन वर्षं थांबताही येत नाही. राम राम." आणि सायकल वळवली.

परतीच्या वाटेवर मी चिडून बोलत होतो. सिस्टर चाकातली माती उकरत होत्या. आपांकडे पोचल्यावर पाय धुऊन पुन्हा फोन घेऊन बसल्या. या वेळी जावयाचे फोटो उघडले. वरून दिसणाऱ्या हिरव्या-काळ्या चौकोनांवर बोट फिरवत राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग बोट थांबलं.

"सर, हे काय हाये?"

"तलाव. पाझर तलाव."

"तलाव मलेही दिसते. त्याच्या काठची ही भुरी लाईन?"

ती तलावाची पाळ होती. मातीचा भक्कम बांध, वर मुरूम टाकलेला. पाळीच्या एका टोकापासून सोनवाडीकडे गाडीवाट जात होती, दुसऱ्या टोकापासून अनसिंगकडे. तिन्ही अ‍ॅपांनी तो रस्ता म्हणून दाखवला नव्हता, कारण त्यावर रस्ता म्हणून कुणी बोट ठेवलंच नव्हतं. सगळी जमीन सरकारी. कुणाचीही परवानगी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच निघाल्या. पैलवानाला चालू करून खोळीत ठेवला, कारण कुठून गेलो, किती चढलो, किती वेळ लागला हे तो इमानदारीनं लिहून ठेवतो. सात किलोमीटर भरले. हमरस्त्यापेक्षा एक जास्त. एकच चढ, पाळीवर चढायचा. एक नाला ओलांडायचा. चिखलाच्या दोन जागा, पण बाजूनं जाता येण्यासारख्या. लागोपाठ चार दिवस, त्यातले दोन धो-धो पावसाचे, त्या शाळेच्या वेळेला गेल्या आणि शाळा सुटायच्या वेळेला आल्या. "उन्हाळ्यातला रस्ता कोनीबी दाखवते," त्या मला फोनवर म्हणाल्या. "आखाडात जो चालंन तो रस्ता." पाचव्या दिवशी त्यांनी ती वाट चावडीवर नोंदवली आणि रजिस्टरात पहिल्यांदाच मोठ्या अक्षरात लिहिलं: पास.

मग सोनवाडीत पालकांची सभा झाली. देवळाच्या ओट्यावर बायका-माणसं बसली. सिस्टरांनी फोनवर रस्ता दाखवला, तो या हातातून त्या हातात फिरला. शेवटी सुनंदाकडे आला. तिनं पाहिला, परत दिला आणि म्हणाली, "सिस्टर, राग नका मानू. तुमच्याजवळ मोबाईल हाये. आमच्या पोरीजवळ कुठी हाये?"

सगळ्या सभेत एवढी एकच गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. सिस्टरांच्याही नाही. त्यांनी फोन पिशवीत टाकला. मग माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी नकाशा काढता ना?"

त्या आठवड्यात मी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत बसून आयुष्यातला सगळ्यात चांगला नकाशा काढला. पाळ, नाला, दोन चिखलाच्या जागा, वाटेतला हातपंप, आणि काही झालं तर हाक मारता येईल अशी तीन शेतघरं. मुलांना मी हजारो नकाशे भरायला लावले असतील. माझ्या नकाशावरून कुणी खरोखर चालणार होतं ते पहिल्यांदाच. त्याच्या नऊ प्रती प्लास्टिकमध्ये बांधून घेतल्या.

सुनंदा तरी मानेना. "तुमी चार दिवस जाऊन पाह्यलं. पोरीले रोज जायचं हाये."

"मंग मीही रोज जाते," सिस्टर म्हणाल्या. तेव्हा त्यांचं वय बासष्ट होतं.

पंधरा दिवस त्या आपांकडेच राहिल्या. सकाळी अनसिंगहून सोनवाडी, मुलींना घेऊन परत अनसिंग, संध्याकाळी तसंच उलट. रोज अठ्ठावीस किलोमीटर. वाटेत त्यांनी मुलींना शिकवलं ते थोडंच होतं. एकटीनं निघायचं नाही. चढावर उतरून चाललं तर लाज नाही. आणि नाल्यातल्या मोठ्या दगडावर त्यांनी पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला होता. पट्टा बुडाला तर कितीही उशीर झालेला असो, कितीही महत्त्वाचा पेपर असो, मागं फिरायचं.

तेराव्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. सिस्टर निघाल्या, नाल्यापर्यंत पोचल्या आणि थांबल्या. पाणी पट्ट्याच्या वर चढत होतं. पलीकडे पाळीवरून रांगेनं नऊ सायकली येताना दिसल्या. आदल्या दिवशी आपल्याला उशीर होईल म्हणून त्यांनीच सांगून ठेवलं होतं, तुम्ही निघा, नाल्याजवळ भेटू.

हे मला त्यांनी नंतर सांगितलं. "सर, माह्या तोंडात आवाज आला होता. थांबा म्हनून. पन मी नाही वरडली. म्हटलं, पाहू. मी उद्या इथं असनार नाही. एकीनं जरी पाय पान्यात घातला असता त घसा फाटेपर्यंत वरडली असती."

सगळ्यात पुढं प्रतीक्षा होती. प्लास्टर निघून दोनच दिवस झाले होते. ती काठावर आली, सायकल आडवी लावली आणि मागच्यांना हातानं अडवलं. एका मुलीनं काहीतरी म्हटलं, बहुतेक की पाणी एवढंच तर आहे. प्रतीक्षानं दगडाकडे बोट दाखवलं. पट्टा दिसत नव्हता. मग नऊच्या नऊ सायकली वळल्या. पलीकडच्या काठावर झाडाखाली पावसात उभ्या असलेल्या सिस्टर त्यांना दिसल्याही नव्हत्या.

"काय केलं तुम्ही मग?" मी विचारलं.

"काय करनार? एकटीच हसली. मंग घंटी वाजवली, जोरजोरात. तवा पाह्यलं त्याइनं."

दोन दिवसांनी सिस्टर वाशीमला परत आल्या. त्यांच्याशिवाय मुली जात राहिल्या.

गजाननभाऊंची गोष्ट दिवाळीनंतरची. सोयाबीन निघालं आणि एक दिवस ते स्वतःच ट्रॅक्टर लावून पाणंदीच्या जागेवरचा धुरा मोकळा करताना दिसले. मी सहज गेलो होतो तेव्हा त्यांनी कारण सांगितलं, तेही नाराजीनंच. "रोज नऊ पोरी तलावाले वेढा घालून जातात. रस्त्यानं येनारे-जानारे मले विचारतात, काहून जातात इतक्या लांबून? किती जनाइले सांगू?" सिस्टरांना मी ही बातमी दिली. वाटलं, आता काही टोला हाणतील. त्या फक्त म्हणाल्या, "बरं केलं भाऊनं. पन पावसाळा जाऊ द्या एक. मंगच पास."

त्या नऊ मुलींपैकी एकीनंही शाळा सोडली नाही. स्थळं आली तशी परत गेली. शाळेत मुख्याध्यापकांनी सिस्टरांचा सत्कार ठेवला तेव्हा त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि माईकवर एवढंच बोलल्या: "पोरी स्वतः फिरल्या नाल्यावरून. सत्कार त्याइचा करा." आणि शाल काढून प्रतीक्षाच्या खांद्यावर टाकली. सुनंदा मागच्या रांगेत बसली होती. तिनं डोळ्याला पदर लावला नाही. ताठ बसून राहिली, आणि शेजारणीला म्हणाली ते मला ऐकू आलं: "माही पोरगी समोर होती तवा."

गेल्या हिवाळ्यात सिस्टरांनी वाशीम सोडलं. मुलगी हिंगोलीला असते, तिनं बरीच वर्षं धोशा लावला होता. जायच्या दिवशी जावयाची गाडी आली. खरा जावई, अ‍ॅपवाला नाही. ट्रंक, गाद्या, हमीदभाईंचं शिलाई मशीन गाडीत चढलं. सायकल वर टपावर बांधायची म्हणून जावई दोरी शोधू लागला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "दोरी ठेव. मी सायकलीनं येऊन राह्यली."

आम्ही बारा जण त्यांना पोचवायला निघालो. जिल्ह्याची हद्द संपते त्या पैनगंगेच्या पुलापर्यंत. दोन्ही बाजूला हरभरा, आणि थंडी. पुलावर सगळे उतरलो. डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, हिंगोलीत आमच्यासारखा ग्रुप कुठून मिळणार तुम्हाला?"

"सायकलवाल्या बाया शोधीन," त्या म्हणाल्या. "नसतीन त तयार करीन."

वकिलांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं. मला काही मोठं बोलायचं होतं, वाटेत जुळवतही आलो होतो. पण त्यांनी माझ्या सायकलच्या मागच्या चाकाकडे पाहिलं, वाकून अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाल्या, "हवा कमी हाये, सर. जाता जाता भरून घ्या." तेवढंच झालं बोलणं.

त्या निघाल्या. जावयाची गाडी काळजीनं त्यांच्या मागून हळूहळू येत होती, तिला हातवारे करून त्यांनी पुढं काढलं. पूल संपला की पलीकडे रस्ता चढतो, बऱ्यापैकी उभा. आमच्यातले निम्मे तिथं उतरून चालले असते. सिस्टर पायडलवर उभ्या राहिल्या. खोचलेली ओढणी कमरेतून सुटली आणि मागं फडफडू लागली. ती खोचायला त्या थांबल्या नाहीत. समोरून शेळ्यांचा कळप आला, त्यांनी घंटी वाजवली, कळप दुभंगला आणि पांढरे कपडे मधून वर गेले.

आम्ही बाराही जण पुलाच्या कठड्याशी पाहत उभे होतो, आता उतरतील, आता उतरतील.

चढ संपेपर्यंत त्या उतरल्या नाहीत.